रेडिओवर हात बसलेला विनोदी लेखक टीव्हीवर का टिकतो?

कानसेन

मंडळी, सध्या बीबीसीच्या जुन्या विनोदी श्रुतिका ऐकण्याचा सपाटा लावलाय. ऐकता ऐकता लेखकांबद्दलही वाचत गेलो. ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदाचा विषय निघाला की ज्यांची नावं हमखास घेतली जातात, त्यांतले बरेच जण आधी रेडिओवर घडलेले आहेत.

सगळ्यात ठळक उदाहरण रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या जोडीचं. दोघांना क्षयरोग झाला होता. 1948 साली सरेमधल्या मिलफर्ड सॅनेटोरियममध्ये त्यांची गाठ पडली, तेव्हा पोरं जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. उपचार म्हणजे महिनोन्‌महिने पडून राहणं, आणि सोबतीला कानाला लावलेला रेडिओ. तिथल्या रुग्णांसाठीच्या अंतर्गत रेडिओवर त्यांनी पहिलं लेखन केलं. त्या काळी फ्रँक म्युअर आणि डेनिस नॉर्डन ही रेडिओवरची गाजलेली लेखकजोडी होती. या पोरांनी त्यांना पत्र लिहून सल्ला मागितला, आणि त्यांनी बीबीसीची वाट दाखवली. 1951 साली डेरेक रॉय या विनोदी नटासाठी किरकोळ विनोद पुरवायचं काम मिळालं. 2 नोव्हेंबर 1954 ला टोनी हॅनकॉक या विनोदी नटासाठी लिहिलेलं 'हॅनकॉक्स हाफ आवर' रेडिओवर सुरू झालं, 1956 मध्ये ते टीव्हीवर गेलं आणि 1962 पासून 'स्टेप्टो अँड सन' ही त्यांची टीव्ही मालिका. सॅनेटोरियमच्या खाटेपासून इथवर यायला चौदा वर्षं लागली.

माझं मत सरळ आहे. रेडिओवर तोंड वेडंवाकडं करून किंवा घसरून पडून हशा मिळत नाही. माणूस नुसत्या बोलण्यातून उभा करावा लागतो. ज्याला ते साधलं त्याला टीव्हीवर कुणी हात धरू शकत नाही. तुम्हाला काय वाटतं? उलट उदाहरणं असतील तर जरूर द्या.

निळीशाई

पहिला नंबर! मस्त विषय. वाचतेय.

तिसरीघंटा

असहमत. इथे कारण आणि योगायोग यांची गल्लत होतेय असं वाटतं. पन्नासच्या दशकात टीव्ही बाळसं धरत होता. विनोद लिहून पोट भरणारे लेखक होते कुठे? रेडिओवर. मग बीबीसीने त्यांनाच टीव्हीवर नेलं. दुसरं कुणी उपलब्धच नव्हतं!

शिवाय रेडिओवर काय सगळं पात्रांवर आधारलेलंच होतं का? 'इट्स दॅट मॅन अगेन' घ्या. टॉमी हँडलीचा कार्यक्रम, लेखक टेड कॅव्हना. 1939 ते 1949, म्हणजे सगळं महायुद्ध त्यात येतं. दार उघडायचं, कुणीतरी आत यायचं, आपलं ठरलेलं वाक्य फेकायचं आणि दार बंद. टाळ्या! पुढचा माणूस. लोकांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला, पण त्यात माणूस कुठे उभा राहतो? ठरलेली वाक्यंच राहतात. तेव्हा 'रेडिओ म्हणजे व्यक्तिरेखा' हे समीकरण मला मान्य नाही.

कानसेन

@तिसरीघंटा, मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. त्या ठरलेल्या वाक्यांच्या साच्याला कंटाळूनच गॅल्टन-सिम्प्सन यांनी वेगळी वाट धरली. तोवर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात मध्येच एक गाणं, मग प्रहसन, मग वाद्यवृंद असा मिसळीचा प्रकार असे. यांनी गाणी काढली, पाहुणे गायक काढले. अर्धा तास एकच गोष्ट. ईस्ट चीमच्या रेल्वे कटिंग्जमधल्या 23 नंबरच्या घरात राहणारा एक माणूस, त्याच्या मोठमोठ्या आकांक्षा आणि त्याचे भुरटे मित्र. बस्स.

सांजवारा

हॅनकॉकचा विषय निघालाय तर 'अ संडे आफ्टरनून ॲट होम'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1958 चा भाग. रविवार दुपार, बाहेर पाऊस, दुकानं बंद, करायला काहीही नाही. घरात हॅनकॉक, सिड जेम्स, बिल केर आणि हॅटी जॅक्स. एवढंच कथानक.

सुरुवातीला कुणीतरी जांभई देतं. मग शांतता. मग एक उसासा. पुन्हा शांतता. कुणीतरी वेळ विचारतं. अजून तेवढीच वाजलेली असते. रेडिओवर शांतता म्हणजे केवढं धाडस! ऐकणाऱ्याला वाटायचं यंत्रच बिघडलं. त्या मिनिटांत लेखकांनी एकही चमकदार विनोद घातलेला नाही आणि प्रेक्षक मात्र हसत सुटलेत, कारण प्रत्येकाने ती दुपार भोगलेली आहे. पुढे हॅनकॉक भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीत म्हाताऱ्याचा चेहरा शोधत बसतो आणि इतरांनाही तो दिसावा म्हणून हट्टाला पेटतो. नक्षी आपल्याला दिसत नाही, चेहरा दिसत नाही, तरी मी ऐकताना मान तिरकी करून तो चेहरा शोधत होते.

हे टीव्हीवर केलं असतं तर कॅमेऱ्याला ती नक्षी दाखवावी लागली असती आणि सगळी मजा गेली असती. म्हणून मला कानसेन यांचं म्हणणं अर्धंच पटतं. रेडिओ ही टीव्हीची शाळा नाही. तिची स्वतःची जागा आहे. तिथे जे जमतं ते टीव्हीवर नेताच येत नाही.

खमंगफोडणी

रेडिओवर काय काय जमतं याचा कळस सांगू? 'एज्युकेटिंग आर्ची'. 1950 पासूनचा बीबीसीचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम. नायक कोण, तर पीटर ब्रो नावाच्या शब्दभ्रमकाराचा लाकडी बाहुला. रेडिओवर बोलका बाहुला!! ओठ हलतात की नाही हे बघायला कुणी नाही, म्हणजे त्या गृहस्थाला काय सुख!

निळीशाई

@खमंगफोडणी =)) =)) अहो पण खरंच लोक ऐकायचे?

खमंगफोडणी

लाखोंनी! आणि लेखक कोण, तर एरिक साइक्स. बाहुल्याचे शिक्षक म्हणून जे नट आले त्यांत टोनी हॅनकॉक होता. हॅटी जॅक्स तिथेच होती. पोरसवदा ज्यूली अँड्र्यूजही त्यात होती. साइक्सने बाहुला हा लाकडाचा आहे हे विसरायला लावलं. एक वांड पोरगा आहे आणि त्याच्याभोवतीची मोठी माणसं त्याच्यापुढे हतबल आहेत, असं लिहिलं. म्हणजे इथेही व्यक्तिरेखाच की.

या साइक्सची पुढची कारकीर्द बघा. ऐकू येणं कमी कमी होत गेलं. त्याच्या जाड चष्म्यात भिंगंच नव्हती, चष्म्याच्या काडीत श्रवणयंत्र बसवलेलं होतं. तरी टीव्हीवर वर्षानुवर्षं स्वतःची मालिका लिहिली आणि तीत कामही केलं, हॅटी जॅक्सला सख्खी बहीण करून. संवादाचा ठेका कानात पक्का मुरलेला असल्याशिवाय हे जमेल का?

नगरकरीण

अवांतर करते, पण राहवत नाही. रेडिओवरच्या विनोदाचा धागा आणि अजून कुणी स्पाइक मिलिगनचं नाव घेतलं नाही? 'द गून शो'चा लेखक, 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जन्मला! वडील आयरिश, ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात. बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं.

गून शो 1951 ते 1960 चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि स्वतः मिलिगन. सेलर्स आणि मिलिगन यांनी त्यात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदुस्थानी पात्रंही रंगवली आहेत. एकमेकांना अखंड अदबीने बोलत बसतात आणि काम एक इंच पुढे सरकत नाही. मी ऐकताना खूप हसले, कारण ही लय त्याने लहानपणी ऐकलेली आहे हे कळतं.

तिसरीघंटा

@नगरकरीण, त्या दोन पात्रांबद्दल माझं मत तुमच्याइतकं मोकळं नाही. लय अचूक आहे, मान्य. पण 1969 साली 'करी अँड चिप्स' या टीव्ही मालिकेत मिलिगनने चेहऱ्याला काळा रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार केला. लेखक जॉनी स्पाइट. हेतू वंशद्वेषाची टर उडवण्याचा होता म्हणतात, पण ती सहा भागांतच बंद करावी लागली. आवाज आणि चेहरा यांत फरक पडतोच. रेडिओवर जे खेळकर वाटतं ते रंग फासून समोर आलं की अंगावर येतं.

नगरकरीण

'करी अँड चिप्स'बद्दल पूर्ण सहमत. तो प्रकार बघवत नाही. पण त्यामुळे गून शो मागे जाऊन रद्द होत नाही. तिथे थट्टा सगळ्यांचीच आहे, सगळ्यात जास्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची. ज्या छावणीत वाढला तिथल्या साहेबांना त्याने असं काही सोलून काढलंय की बस.

ध्वनिवेडी

गून शोच्या ध्वनींवर एक वेगळा धागा निघायला हवा. मिलिगनला कस्टर्डने भरलेला मोजा आपटल्याचा आवाज हवा होता, हा किस्सा फार सांगितला जातो. कँटीनमधल्या बाईंना कस्टर्ड करायला सांगितलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याचं पोट बिघडलंय, म्हणून मायेने करून दिलं. याने त्यांच्यासमोरच ते मोज्यात ओतलं! आणि एवढं करून हवा तो आवाज आलाच नाही.

त्याच्या आधी रेडिओवर ध्वनी म्हणजे दार उघडलं, घोडा धावला, एवढंच. मिलिगन ध्वनीलाच विनोद करायला लावत असे. संहितेत तो ध्वनीसाठी जे लिही ते तंत्रज्ञांना कोड्यासारखं सोडवावं लागे. लेखक म्हणजे फक्त संवाद लिहिणारा, ही समजूत त्याने मोडली.

पानपूरक

सगळं वाचतोय. एक बाजू अजून कुणी मांडली नाही, ती मांडतो. मी स्वतः टीव्हीसाठी विनोदी लिहितो (कार्यक्रमाचं नाव नको).

मिलिगनने गून शोचे बहुतेक भाग एकट्याने किंवा एखाद्या सहलेखकाबरोबर लिहिले. आठवड्याला एक. 1952 च्या अखेरीस तो कोसळला, इस्पितळात ठेवावं लागलं. बरा झाल्यावर पुन्हा तेच चक्र. या कामाची किंमत तब्येतीने आणि संसाराने मोजली असं तो पुढे सांगत असे. आपण कौतुकाने 'नऊ वर्षं चालला' म्हणतो, तेव्हा त्या प्रत्येक आठवड्याला एक कोरा कागद होता हे विसरतो.

आठवड्याची संहिता म्हणजे काय, ते सांगतो. सोमवारी कल्पना, बुधवारी पहिला खर्डा. गुरुवारी बैठक, आणि तिथे कुणीतरी म्हणतं, 'छान आहे, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा नाही.' मग पात्राची ओळख करून देणारी चार वाक्यं उडतात आणि तिथे एक कोटी बसते. प्रेक्षक त्या कोटीला हसतो. पण ते पात्र पंधराव्या मिनिटाला रडवेलं होतं तेव्हा प्रेक्षक त्याच्यासोबत नसतो, कारण ओळखच झालेली नसते. मी हे भांडून सांगतो. कधी ऐकतात, बऱ्याचदा नाही. म्हणून 'संडे आफ्टरनून'सारखा भाग ज्या निर्मात्याने जाऊ दिला त्याला माझा दंडवत. पहिलं पान उसासे आणि जांभया!

सांजवारा

@पानपूरक, प्रतिसाद फार आवडला. भांडत राहा.

दोनशब्द

+१. पानपूरक, तुम्ही सवडीने यावर स्वतंत्र लेख लिहाच.

रद्दीतलंसोनं

एकट्याने खचायचं नसेल तर लेखकांनी एकत्र यायला हवं, आणि त्याचंही उदाहरण याच मंडळींनी घालून दिलंय. असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. मिलिगन, साइक्स, गॅल्टन आणि सिम्प्सन यांनी पन्नासच्या दशकात सुरू केलेली लेखकांची स्वतःची कचेरी. जागा कुठे, तर शेफर्ड्स बुशला एका भाजीवाल्याच्या दुकानावर. पुढे जॉनी स्पाइट, टेरी नेशन असे अनेक जण तिथे आले.

सिम्प्सनच्या शाळेतल्या ओळखीतून बेरिल व्हर्ट्यू तिथे टायपिंग, हिशेब बघायला आल्या. हळूहळू करारमदार त्याच बघू लागल्या आणि या लेखकांच्या एजंट झाल्या. परदेशी कंपन्यांना मालिकेची नुसती कल्पना विकता येते, तिथे ती त्यांच्या भाषेत, त्यांच्या नटांनिशी पुन्हा घडवता येते, हे त्यांनी ओळखलं. 'स्टेप्टो अँड सन' अमेरिकेत 1972 साली 'सॅनफर्ड अँड सन' झालं. हॉलंड आणि स्वीडनमध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. स्पाइटच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेवरून अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' आलं.

टेरी नेशन हा हॅनकॉकसाठी विनोद लिहिणारा लेखक. 1963 मध्ये त्याने 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेसाठी डॅलेक हे खलनायक निर्माण केले. त्या डॅलेकच्या हक्कात लेखकाचा वाटा राखला गेला आणि खेळण्यांचा पूर आल्यावर त्याचा संसार कायमचा मार्गी लागला. ज्या लेखकाला कागद नीट करणारं माणूस भेटलं नाही, त्याच्या वाट्याला नुसत्या टाळ्या आल्या.

माझ्या मते कानसेन यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. ही मंडळी टिकली कारण त्यांच्याकडे एक छप्पर होतं, चार समानधर्मी होते आणि हिशेब बघणारी हुशार बाई होती.

कानसेन

@रद्दीतलंसोनं, ही बाजू मी धरलीच नव्हती. टिकायला हेही लागतं, मान्य. पण स्टेप्टो जन्माला कसा आला ते बघा, त्यात हिशेबापेक्षा लेखणीच दिसते.

1961 मध्ये हॅनकॉक या लेखकांपासून वेगळा झाला. त्याला जागतिक कीर्तीचे सिनेमे करायचे होते आणि यांनी लिहिलेलं काही मनास येईना. म्हणजे सात वर्षं ज्या एका आवाजासाठी लिहिलं तोच गेला. तेव्हा बीबीसीचे टॉम स्लोन यांनी सांगितलं, तुम्हाला हवं ते लिहा, दहा स्वतंत्र अर्ध्या तासांची नाटकं. त्यातलं एक 'द ऑफर', 5 जानेवारी 1962. भंगार गोळा करणारे बाप-लेक. विनोदी नट न घेता हॅरी कॉर्बेट आणि विल्फ्रिड ब्रॅम्बेल हे नाटकातले कसलेले नट घेतले.

शेवट सांगतो, कारण तो सांगूनही खराब होत नाही. चाळिशीकडे झुकलेला मुलगा घर सोडायचं ठरवतो. आपलं सामान भंगाराच्या घोडागाडीत रचतो. बाप घोडा द्यायला नकार देतो. मग हा स्वतःच गाडी ओढायला लागतो. गाडी हलत नाही. ढकलतो, ओढतो, हिसका देतो. गाडी हलत नाही. आणि तो हुंदके देऊन रडायला लागतो. कॉर्बेट तिथे खरोखर रडला आहे. बाप त्याला हळूच चहाच्या निमित्ताने घरात घेऊन जातो. विनोदी कार्यक्रमाचा शेवट आहे हा!

हॅनकॉक नाही, भुरटे मित्र नाहीत, पण दोन माणसं एका खोलीत अडकलेली आणि एकमेकांना बोलून बोलून जखमी करणारी. हे रेडिओने शिकवलेलं आहे.

तिसरीघंटा

रेडिओने? त्या प्रसंगात शेवटी शब्दच नाहीत. न हलणारी गाडी *दिसते* म्हणून घशाशी येतं. 1972 च्या 'डिव्हायडेड वुई स्टँड'मध्ये दोघं घराच्या मधोमध भिंत घालतात, टीव्हीसुद्धा अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि आत यायला फिरता अडसर. हा विनोद रेडिओवर कसा करणार? गॅल्टन-सिम्प्सन थोर आहेत ते डोळ्यांसाठी *नव्याने* लिहायला शिकले म्हणून.

आणि उलटी उदाहरणं मागितली होतीत ना? ही घ्या. जॉन सलिव्हन. बीबीसीत नेपथ्य हलवणारा कामगार. त्याने निर्माते डेनिस मेन विल्सन यांना गाठलं, 1977 मध्ये 'सिटिझन स्मिथ' आणि 1981 पासून 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'. रेडिओचा संबंध नाही, तरी व्यक्तिरेखा अशा की ब्रिटनमध्ये लहानथोरांच्या तोंडी आहेत. 'डॅड्स आर्मी' आधी टीव्हीवर आलं, मग 1974 पासून रेडिओवर. 'येस मिनिस्टर'सुद्धा टीव्हीवरून रेडिओवर गेलं.

ध्वनिवेडी

'येस मिनिस्टर' रेडिओवर जसंच्या तसं चाललं, यावरूनच कळतं की ते मुळात कानांसाठी लिहिलेलं होतं. त्यातल्या सनदी अधिकाऱ्याची, सर हम्फ्रीची, ती लांबलचक वाक्यं डोळे मिटून ऐकून बघा.

आणि डेनिस मेन विल्सन हे नाव ओळखीचं वाटलं का? रेडिओवर हॅनकॉकचे पहिले निर्माते तेच. त्याआधी गून शोचेही. म्हणजे सलिव्हनने ज्या माणसाचं दार ठोठावलं तो रेडिओच्याच मुशीतला. :)

तिसरीघंटा

@ध्वनिवेडी, हा वार जिव्हारी लागला. _/\_

खमंगफोडणी

जनहो, लेखक बेडर असतो तो कसा, ते बघायचं तर बीबीसीची 'ग्रीन बुक' वाचा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लेखक-निर्मात्यांसाठी काढलेली नियमावली. कशाकशावर विनोद करायचा नाही? शौचालयं, बायकी पुरुष, मधुचंद्राला गेलेली जोडपी, हॉटेलातल्या सफाईवाल्या मुली, अंजिराची पानं, सशांच्या सवयी, फिरते विक्रेते... ससे!! सशांनी काय घोडं मारलं होतं?

आणि एवढ्या कुंपणातून 1965 साली बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन यांनी 'राउंड द हॉर्न' काढलं. त्यात ज्युलियन आणि सँडी ही जोडी. समलिंगी पुरुषांमध्ये चालणारी पोलारी बोली ते बिनदिक्कत बोलायचे. इंग्लंडमध्ये असे संबंध 1967 पर्यंत गुन्हा होते. आणि हा कार्यक्रम लागायचा रविवारी दुपारी, सगळं कुटुंब जेवायला बसलेलं असताना! ज्यांना कळायचं त्यांना कळायचं, बाकीचे नुसत्या आवाजांवर हसायचे. चोरून, दडून जगणाऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा आपली बोली घराघरांत ऐकू येत होती. मला हे लेखकांचं फार मोठं काम वाटतं.

रद्दीतलंसोनं

आता दुखऱ्या विषयावर येतो. यातलं किती उरलंय? टीव्हीच्या टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. टीव्हीवरच्या हॅनकॉकचे सुरुवातीचे बरेच भाग कायमचे गेले. रेडिओचेही काही गेले. 'स्टेप्टो'चे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे बरेच रंगीत भाग बीबीसीकडे राहिले नव्हते. लेखकांसाठी घरगुती यंत्रावर उतरवून घेतलेल्या कृष्णधवल प्रती होत्या, म्हणून ते आज बघता येतात.

पण कागद राहिले! रेडिओच्या हरवलेल्या हॅनकॉक भागांच्या संहिता सापडल्या आणि 2014 पासून बीबीसीच्या रेडिओ 4 ने केव्हिन मॅकनॅली या नटाला घेऊन 'द मिसिंग हॅनकॉक्स' नावाने त्या नव्याने ध्वनिमुद्रित केल्या. मी ऐकलेत. हॅनकॉकला जाऊन तेव्हा शेहेचाळीस वर्षं झाली होती (तो 1968 मध्ये सिडनीत गेला), वेगळा नट, वेगळा काळ, आणि प्रेक्षक त्याच जागांवर हसतात.

पानपूरक

हे वाचून आज मला लिहायला बळ आलं. धन्यवाद @रद्दीतलंसोनं.

निळीशाई

लेखकाला नाव मिळतं का पण? हॅनकॉक सगळ्यांना माहीत, गॅल्टन-सिम्प्सन मला आज कळले.

सांजवारा

@निळीशाई, काहींना नाव नकोच होतं! रॉनी बार्कर हा एवढा मोठा नट. त्याने जेराल्ड वायली या टोपणनावाने आपल्याच कार्यक्रमाला प्रहसनं पाठवली, कारण मैत्रीखातर कुणी 'छान' म्हणू नये, लिखाण स्वतःच्या बळावर निवडलं जावं. हा वायली कोण यावर सहकाऱ्यांमध्ये तर्ककुतर्क चालले. शेवटी सगळ्यांना जेवायला बोलावून त्याने सांगितलं की तो मीच. 1976 मधलं 'द टू रॉनीज'मधलं ते प्रसिद्ध दुकानातलं प्रहसन त्याचंच. गिऱ्हाईक 'फोर कँडल्स' (चार मेणबत्त्या) मागतंय की 'फोर्क हँडल्स' (बागकामाच्या काट्याचे दांडे), यावर दुकानदार वेडा व्हायची पाळी येते. सगळा डोलारा उच्चारावर उभा. दृश्य माध्यमातला विनोद, पण जीव कानात.

नगरकरीण

'गुडनेस ग्रेशस मी' कसं राहिलं? 1996 मध्ये रेडिओ 4 वर, 1998 मध्ये टीव्हीवर. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर, नीना वाडिया. हिंदुस्थानी टोळकं 'इंग्लिश' जेवायला हॉटेलात जातं आणि यादीतला सगळ्यात बेचव पदार्थ कुठला म्हणून विचारतं, ते प्रहसन अजून फिरत असतं. लालकाका-बॅनर्जींपासून इथपर्यंत, आता लिहिणारेही तेच आणि बोलणारेही तेच. @तिसरीघंटा, याला तरी हरकत नसावी!

तिसरीघंटा

अजिबात नाही. हे पुन्हा पुन्हा बघतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. नव्वदीत आणि त्यानंतर टीव्हीचा तुटवडा नव्हता, टीव्हीचे लेखकही ढिगाने होते. तरी ॲलन पार्ट्रिज हे गाजलेलं विनोदी पात्र आधी रेडिओवर, 'लीग ऑफ जंटलमेन' आधी रेडिओवर, 'लिटल ब्रिटन' आधी रेडिओवर. म्हणजे मी दिलेलं 'दुसरं कुणी उपलब्धच नव्हतं' हे कारण पन्नासच्या दशकाला लागू पडतं, इथे नाही. इथे मला दुसरं कारण दिसतं: रेडिओ स्वस्त आहे. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, म्हणून नवख्याला हात मोकळा मिळतो. 'वीक एंडिंग' हा रेडिओ 4 चा कार्यक्रम 1970 ते 1998 चालला, आणि तिथे नाव नसलेल्या लेखकालाही आपलं लिखाण घेऊन जाता येत असे. आधी कमी पैशांत, कमी डोळ्यांसमोर लिहून बघायला मिळणं, हे त्या सगळ्यांच्या टिकण्याचं कारण.

कानसेन

हे पटलं. पण लिहून बघताना शिकले काय, तर माणूस बोलण्यातून उभा करणं. तुमचं कारण आणि माझं कारण एकाच खोलीत राहू शकतात, मध्ये भिंत नको.

खमंगफोडणी

@कानसेन फिरता अडसर तरी ठेवा! =))

दोनशब्द

वाचनखूण साठवली आहे. पण माझ्यासारख्या नवशिक्याने सुरुवात कुठून करावी? एक काहीतरी सांगा.

रद्दीतलंसोनं

@दोनशब्द, बघायचं असेल तर 1961 चा 'द ब्लड डोनर'. हॅनकॉक रक्तदानाला जातो, तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त घेतात, याला वाटतं झालं दान, आणि तो उठून निघायला लागतो. बघताना त्याच्या नजरेकडे लक्ष द्या. नुकताच मोटार अपघात झाला होता, पाठांतर जमलं नाही, म्हणून तो समोरच्या डॉक्टरकडे न बघता बाजूला लिहिलेले संवाद वाचतोय. एकदा कळलं की सतत दिसतं. तरीही भाग कुठे सैल पडत नाही, इतकी संहिता पक्की आहे.

सांजवारा

आणि ऐकायचं असेल तर अर्थातच 'संडे आफ्टरनून'. हेडफोन लावून, मध्ये फोन न बघता. गून शोकडे नंतर वळा, त्याचा वेग अंगवळणी पडायला दोन-तीन भाग जातात.

नगरकरीण

गून शो आधी! आमच्या नगरचा माणूस आहे तो.